पहिल्या ओळीआधीचे निर्णय

सॉफ्टवेअरचं नवं काम हाती घेतलं की त्या कामाची स्वतःची अशी एकही ओळ लिहिण्याआधी बरंच काही लिहावं लागतं. फोल्डर कसे लावायचे, चाचण्या मूळ कोडच्या शेजारी ठेवायच्या की वेगळ्या, परवाना कोणता, पायथनच्या कोणत्या आवृत्त्यांवर ते चाललं पाहिजे, गिटने कोणत्या फाइली वगळायच्या, पासवर्ड कुठे ठेवायचे, रीडमीत सर्वांत आधी काय सांगायचं. पिकांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर असो, दवाखान्यातल्या केसपेपरांचं असो की ग्रंथालयाच्या पुस्तकयादीचं, यातल्या कशाचाही त्या विषयाशी संबंध नसतो. तरीही ते सॉफ्टवेअर तीन वर्षांनी दुसऱ्या कुणाला हातात घेता येईल की नाही, हे बरंचसं इथेच ठरतं.

बहुतेक ठिकाणी या टप्प्यावर मागच्या प्रोजेक्टचं फोल्डर कॉपी करतात, नको ते काढतात आणि नाव बदलतात. ही पद्धत आळसातून आलेली नाही. मागचा प्रोजेक्ट चाललेला असतो, म्हणून त्याच्यावर भरवसा असतो. पण कॉपी करताना काय काय सोबत आलं, हे कुणी मोजत नाही. जुनं नाव एखाद्या कॉन्फिगरेशन फाइलीत उरतं. एरर आल्यावर ज्यांना ईमेल जायचा त्या यादीत जुन्या ग्राहकाचा पत्ता राहतो. जुनी सीक्रेट की नव्या सर्व्हरवर चढते आणि मग एकाची की फुटली की दोघांचंही कुलूप उघडतं. सर्वांत घातक म्हणजे जुन्या कामातल्या तडजोडी. त्या वेळी त्यांना कारण होतं. नव्या कामात तडजोड येते, कारण मागेच राहतं.

ही पुस्तिका नेमक्या याच टप्प्यासाठी तयार झालेल्या एका साधनाची ओळख करून देते. त्याचं नाव कुकीकटर. ऑड्री रॉय ग्रीनफेल्ड यांनी २०१३ मध्ये ते पायथन भाषेत लिहिलं. टर्मिनलवर एक कमांड द्यायची, टेम्प्लेट कुठे आहे ते सांगायचं, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि नावानिशी भरलेलं, चालू होईल असं फोल्डर समोर येतं. वापरायला ते एका दुपारी शिकून होतं. नुसत्या त्या कमांडसाठी पुस्तिका लिहायची गरज नव्हती. मला लिहावंसं वाटलं ते टेम्प्लेटबद्दल. टेम्प्लेट म्हणजे कुणीतरी आपल्या वतीने आधीच घेऊन ठेवलेले निर्णय असतात. ते कुणी घेतले, कशासाठी घेतले आणि ते केव्हा बदलायचे, हे न विचारता आपण त्यावर वर्षानुवर्षांची कामं उभी करतो.

प्रोजेक्टचा सांगाडा यंत्राकडून बनवून घ्यायची कल्पना कुकीकटरच्या आधीची आहे. जावावाल्यांकडे मेवनचे आर्किटाइप होते, पायथनवाल्यांकडे इयन बिकिंग यांचं पेस्टस्क्रिप्ट होतं. पण ती घरोघरी पोचवली रूबी ऑन रेल्सने. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प या उत्पादनाच्या कोडमधून ही चौकट वेगळी काढून २००४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. पुढच्या वर्षी पंधरा मिनिटांत एक चालतं संकेतस्थळ उभं करून दाखवणारी त्यांची चित्रफीत आली, आणि ती बघून कित्येकांनी भाषा बदलली. त्या पंधरा मिनिटांतला मोठा भाग सांगाड्याचाच होता: कमांड दिली की फोल्डर तयार, आणखी एक दिली की नोंदी बघायची-बदलायची पानं तयार. ती पानं तात्पुरती आहेत, त्यांच्या जागी हळूहळू आपला कोड यावा, अशी अपेक्षा होती. तात्पुरतं म्हणून उभं केलेलं किती सहज कायमचं होऊन बसतं, हे मात्र त्यानंतरच अनेकांना कळलं.

पुढे जावास्क्रिप्टसाठी २०१२ मध्ये योमन आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये जँगो या पायथनमधल्या वेब-चौकटीच्या १.४ आवृत्तीने नवा प्रोजेक्ट सुरू करायच्या कमांडला बाहेरचं टेम्प्लेट देण्याची सोय केली. म्हणजे कुकीकटर आलं तेव्हा मैदान रिकामं नव्हतं. तरी ते टिकलं, याचं कारण मला त्याच्या साधेपणात दिसतं. योमनसाठी टेम्प्लेट बनवायचं तर जावास्क्रिप्टमध्ये जनरेटर लिहावा लागे, म्हणजे प्रोग्राम बनवण्यासाठी आणखी एक प्रोग्राम. कुकीकटरचं टेम्प्लेट हे निव्वळ एक फोल्डर असतं. ते कुणीही उघडून वाचू शकतो. आणि आतला मजकूर कोणत्या भाषेतला आहे याच्याशी साधनाला देणंघेणं नसतं. पायथन, सी, लाटेक्समधला प्रबंध किंवा नुसत्या मजकुराच्या फाइली, सगळ्यांना एकच न्याय. नाव बिस्किटं कापायच्या साच्यावरून घेतलंय, पण साचा प्रश्न विचारत नाही आणि हे विचारतं. तिथेच त्याची खरी ताकद आहे.

आत काय घडतं ते इथे थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टेम्प्लेटच्या फोल्डरमध्ये एक जेसन फाइल असते. तिच्यातली प्रत्येक जोडी म्हणजे एक प्रश्न आणि त्याचं ठरवून ठेवलेलं उत्तर. उत्तराच्या जागी यादी असेल तर वापरणाऱ्यासमोर पर्याय येतात, आणि यादीतला पहिला पर्याय हा न बोलता निवडलेला पर्याय ठरतो. एका उत्तरावरून दुसरं बनवता येतं: प्रोजेक्टचं नाव लिहिलं की त्यातली मोठी अक्षरं लहान करून, मोकळ्या जागी अंडरस्कोर घालून पॅकेजचं नाव आपोआप सुचवलं जातं. जेसन फाइलीशेजारी एक फोल्डर असतं आणि त्याच्या नावातच दुहेरी महिरपी कंस असतात. त्या कंसात व्हेरिएबल. उत्तरं मिळाली की आतल्या सगळ्या फाइलींमधले, आणि फाइलींच्या व फोल्डरांच्या नावांमधलेही, कंस भरले जातात. हे भरायचं काम जिंजा करतं. आर्मिन रोनाखर यांचं जिंजा २ हे २००८ पासूनचं टेम्प्लेट इंजिन फ्लास्क आणि अ‍ॅन्सिबलमध्येही आहे, त्यामुळे ज्याने त्यातलं काही वापरलंय त्याला इथली भाषा ओळखीची वाटेल.

यातल्या एका कडकपणाचं मला फार मोल वाटतं. टेम्प्लेटमध्ये एखाद्या व्हेरिएबलचं नाव चुकलं, तर कुकीकटर तिथली जागा रिकामी सोडून पुढे जात नाही. थांबतं, आणि कोणतं नाव सापडलं नाही ते सांगतं. रिकामी जागा घेऊन जन्मलेला प्रोजेक्ट कदाचित महिनाभर बरा चालेल आणि ज्या दिवशी ती फाइल पहिल्यांदा वाचली जाईल त्या दिवशी पडेल. त्यापेक्षा जन्माआधीचं अडखळणं पुष्कळ स्वस्त.

टेम्प्लेट बनवू लागलेल्यांची पहिली ठेच मात्र बहुधा कंसांशी लागते. दुहेरी महिरपी कंस जिंजाचे एकट्याचे नाहीत. व्ह्यूच्या पानांत तेच असतात, गिटहब अ‍ॅक्शन्सच्या फाइलींत डॉलरचं चिन्ह लावून तेच असतात, अ‍ॅन्सिबलच्या प्लेबुकांत तर हुबेहूब तेच. कुकीकटर त्या सगळ्यांना आपलं समजून भरायला जातं. अशा फाइली एकतर न भरता जशाच्या तशा उचलायच्या यादीत घालाव्या लागतात, नाहीतर आतल्या त्या तुकड्याला कच्चा मजकूर म्हणून कुंपण घालावं लागतं. तिसऱ्या प्रकरणात यावर मी जरा रेंगाळलो आहे, कारण इथे कंटाळून टेम्प्लेटचा नाद सोडून दिलेले लोक मी पाहिले आहेत.

आता प्रश्नांविषयी. टेम्प्लेट बनवणाऱ्याची खरी कसोटी कोडमध्ये लागत नाही, किती आणि कोणते प्रश्न विचारायचे यात लागते. डॅनियल रॉय ग्रीनफेल्ड यांनी सुरू केलेलं कुकीकटर जँगो हे या परिवारातलं बहुधा सर्वांत नावाजलेलं टेम्प्लेट. ते वीसहून अधिक प्रश्न विचारतं: परवाना, टाइमझोन, डॉकर हवं का, पोस्टग्रेसची कोणती आवृत्ती, कोणत्या कंपनीचं क्लाउड, ईमेल कशातून पाठवायचे, मागे चालणाऱ्या कामांसाठी सेलरी लागेल का. प्रत्येक प्रश्न रास्त आहे. पण हो-नाही स्वरूपाचे दहाच प्रश्न धरले तरी त्यातून निघू शकणारे वेगवेगळे प्रोजेक्ट होतात १,०२४. अकरावा प्रश्न घातला की २,०४८. त्यातला प्रत्येक चालतो का, हे तपासणारं कुणी नसतं; नेहमीच्या जोड्या तपासल्या जातात आणि आडवाटेच्या जोड्या एखाद्या दुर्दैवी वापरकर्त्याची वाट बघत बसतात. कुकीकटर जँगोमागे मोठा समुदाय उभा आहे, म्हणून त्यांना ते पेलतं. दहा जणांच्या कंपनीने किंवा महाविद्यालयाच्या विभागाने आपल्यापुरतं टेम्प्लेट बनवताना त्याची नक्कल करू नये. ज्याचं उत्तर तुमच्याकडे नेहमी एकच असतं तो प्रश्न विचारूच नका. उत्तर थेट टेम्प्लेटमध्ये लिहून टाका.

आणि विचारलेल्या प्रश्नांचं ठरवून ठेवलेलं उत्तर फार जपून लिहा. टर्मिनलवर प्रश्न आला की माणूस एंटर दाबतो. घाई असते, सुचवलेलं उत्तर समोर असतं, आणि ज्याने टेम्प्लेट बनवलं त्याला जास्त कळत असणार अशी समजूत असते. सुचवलेलं उत्तर हाच प्रत्यक्षात निर्णय होतो, हे जँगोच्याच उदाहरणावरून नीट कळतं. ही चौकट कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मली आणि जुलै २००५ मध्ये जगासाठी खुली झाली. तिच्यात टाइमझोनची मूळ किंमत होती ‘अमेरिका/शिकागो’, म्हणजे लॉरेन्सच्या घड्याळाची वेळ. सुरुवातीच्या अनेक वर्षांत नवा प्रोजेक्ट सुरू केला की सेटिंग्जच्या फाइलीत हीच वेळ उमटायची. पुण्यातल्या कुणाकडून ती ओळ बदलायची राहिली तर त्याच्या नोंदी ऋतूनुसार साडेदहा किंवा साडेअकरा तास मागच्या पडायच्या. आता नव्या प्रोजेक्टमध्ये यूटीसी येते, ही चांगलीच सुधारणा आहे. पण जँगोच्या गाभ्यात, कुणी काहीच सांगितलं नाही तर धरायची किंमत म्हणून, शिकागो अजून आहे. एका गावातल्या कचेरीला जे साहजिक वाटलं ते जगभरच्या प्रोजेक्टांचं गृहीत झालं. तुमच्या टेम्प्लेटमध्ये तुमचं लॉरेन्स कुठे दडलंय, हे शोधत राहावं लागतं.

प्रश्नोत्तरांपलीकडे कुकीकटरला आणखी एक हात आहे, तो म्हणजे हुक. फाइली बनायच्या आधी आणि बनल्यानंतर टेम्प्लेटला आपला छोटा प्रोग्राम चालवता येतो. आधीचा हुक बहुधा पहारेकऱ्याचं काम करतो: दिलेलं नाव पायथनला पॅकेजचं नाव म्हणून चालेल का, ते बघतो आणि चालणार नसेल तर तिथेच अडवतो. नंतरचा हुक झाडलोट करतो. डॉकर नको म्हटलं असेल तर डॉकरच्या फाइली काढून टाकतो, गिटची सुरुवात करून देतो. कुकीकटर जँगोमध्ये तो याहून मोलाचं काम करतो. सीक्रेट की, डेटाबेसचा पासवर्ड, अ‍ॅडमिनच्या पानाचा पत्ता, हे सगळं प्रत्येक प्रोजेक्टसाठी नव्याने, यादृच्छिक अक्षरांतून बनवतो. फोल्डर कॉपी करण्यातला जो धोका मी वर सांगितला त्यावरचा हा नेमका इलाज आहे. सारखं असावं ते सारखं राहतं आणि वेगळं असायलाच हवं ते प्रत्येक वेळी वेगळं बनतं. कुठल्याही टेम्प्लेटचा कस मी आता याच जागी बघतो.

पण हुक म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम, आणि तो आपल्या संगणकावर, आपल्या अधिकाराने चालतो. घरच्या फोल्डरमधल्या एसएसएच किल्ल्या त्याला वाचता येतात, इंटरनेटवर जाता येतं. कुकीकटरमध्ये हुक न चालवता फाइली बनवायची सोय आहे. कॉपिअर नावाचं याच जातीचं दुसरं साधन तर, टेम्प्लेटवर विश्वास असल्याचं तुम्ही स्पष्ट सांगितल्याशिवाय असे प्रोग्राम चालवायलाच नकार देतं. मला कॉपिअरची ही भूमिका अधिक योग्य वाटते. धोका नुसत्या हुकांपुरताही नसतो. कुकीकटर टेम्प्लेट आणताना गिटप्रमाणे मर्क्युरिअलही वापरू शकतं, आणि २०२२ मध्ये त्या वाटेत एक फट सापडली: कोणती आवृत्ती हवी हे सांगायच्या जागी कुणी चलाखीने भलतंच लिहिलं तर त्यातून कमांड चालवता येत होती. २.१.१ आवृत्तीत ती बुजवली गेली. म्हणून टेम्प्लेट वापरण्याआधी हुकचं फोल्डर उघडून वाचणं, हे मी या पुस्तिकेच्या वाचकाकडून अगत्याने मागतो. बरेच हुक छोटेच असतात. वाचायला चहाइतका वेळही लागत नाही.

या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न प्रोजेक्ट जन्मल्यानंतरचा आहे. कुकीकटरचं काम फाइली बनवून संपतं. त्यानंतर टेम्प्लेटला मुलाचा पत्ता नसतो आणि मुलाला टेम्प्लेटचा. समजा एका संस्थेने एका टेम्प्लेटमधून चाळीस प्रोजेक्ट काढले आणि पुढच्या वर्षी कळलं, की त्यातल्या लॉगिंगच्या मांडणीतून ग्राहकांचे फोन नंबर लॉगमध्ये उतरताहेत. टेम्प्लेटमध्ये दुरुस्ती दोन ओळींची. पण चाळीस प्रोजेक्टांत ती कोण करणार? आणि त्यातल्या पंचवीसांनी तोवर ती फाइल आपल्या सोयीने बदललेली असेल तर? टेम्प्लेटने जुळी भावंडं जन्माला घातली, पण ती वेगवेगळ्या घरी वाढली.

याला दोन दिशांनी उत्तरं शोधली गेली. क्रफ्ट नावाचं साधन कुकीकटरवरच बसतं. ते प्रोजेक्टमध्ये एक छोटी फाइल ठेवतं: टेम्प्लेट कुठलं, त्याचा गिटमधला कोणता कमिट, आणि दिलेली उत्तरं काय. पुढे टेम्प्लेट बदललं की जुन्या आणि नव्या कमिटमधला फरक काढून तो प्रोजेक्टवर लावायचा प्रयत्न करतं. कॉपिअरमध्ये ही सोय मुळातच आहे. उत्तरांची फाइल ठेवायची आणि नंतर अपडेटची कमांड द्यायची. जिथे दोघांनीही एकच ओळ बदलली असेल तिथे भांडण माणसालाच सोडवावं लागतं, पण निदान भांडण कुठे आहे ते तरी कळतं. एका संस्थेत पाच-सहापेक्षा जास्त प्रोजेक्ट एकाच टेम्प्लेटमधून निघणार असतील तर पहिल्या दिवसापासून यातलं एक वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नंतर जोडता येतं, पण तेव्हा कोणता प्रोजेक्ट टेम्प्लेटच्या कोणत्या आवृत्तीतून निघाला हे आठवणारं माणूस बहुधा नोकरी बदलून गेलेलं असतं.

दुसरी दिशा अगदी उलटी. फेसबुकने रिअ‍ॅक्ट या आपल्या जावास्क्रिप्ट लायब्ररीसाठी २०१६ मध्ये आणलेल्या क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅपने वेबपॅक आणि बेबल या बांधणीच्या साधनांची सगळी गुंतागुंत प्रोजेक्टमध्ये न उतरवता एका वेगळ्या पॅकेजमध्ये झाकून ठेवली. प्रोजेक्टमध्ये फक्त तुमचा कोड. सुधारणा हव्या असतील तर त्या पॅकेजची आवृत्ती वाढवायची. लाखो लोकांनी रिअ‍ॅक्टचा पहिला धडा याच वाटेने घेतला, आणि नवशिक्याला वेबपॅकच्या जंजाळापासून वाचवणं हे मोठंच उपकाराचं काम होतं. मात्र झाकलेल्यातलं काही बदलायचं असेल तर ‘इजेक्ट’ नावाची एक कमांड होती. ती दिली की झाकलेलं सगळं प्रोजेक्टमध्ये येऊन पडायचं आणि परतीची वाट नसायची. पुढे त्या पॅकेजची देखभाल मंदावली, व्हीटसारखी वेगवान साधनं आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या चमूनेच नव्या कामांसाठी ते वापरू नये असं जाहीर केलं. सांगाडा प्रोजेक्टमध्ये उतरवला तर तो तुमचा होतो आणि त्याची काळजीही तुमची. झाकून ठेवला तर काळजी दुसऱ्याची, पण त्याने काळजी घेणं थांबवलं की तुमच्या हातात काही उरत नाही. मी पहिल्या बाजूचा आहे. जे चालवायचं आहे ते वाचता आलं पाहिजे, विशेषतः शिकत असताना.

टेम्प्लेट नुसतं टायपिंग वाचवत नाही, कामाची शिस्तही पोचवू शकतं, याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे ड्रिव्हनडेटा या संस्थेचं कुकीकटर डेटा सायन्स. आकडेवारीचं विश्लेषण करणाऱ्यांचे संगणक आपण सगळ्यांनी पाहिलेत: शेवटची, खरोखर शेवटची, सरांनी तपासलेली शेवटची, अशा नावांच्या एक्सेल फाइलींची रांग. या टेम्प्लेटमध्ये डेटाचं फोल्डर चार भागांत येतं. बाहेरून मिळालेला, मूळ कच्चा, मधल्या टप्प्यातला आणि अंतिम प्रक्रिया झालेला. नियम एवढाच, की कच्च्या डेटाला कधीही हात लावायचा नाही. जे काही बदलायचं ते कोडमधून बदलून पुढच्या फोल्डरमध्ये टाकायचं. म्हणजे कुणीही कच्च्या फाइलींपासून सुरुवात करून तोच निष्कर्ष पुन्हा काढू शकतो. नोटबुकांची नावंही क्रमांक, लिहिणाऱ्याची आद्याक्षरं आणि छोटं वर्णन अशी द्यायची. हे काही नवे शोध नाहीत; प्रयोगशाळेची वही नीट ठेवणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. पण व्याख्यानात दहादा सांगून जे होत नाही ते फोल्डरचं नावच समोर असल्याने होतं. आपल्या विद्यापीठांतल्या संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या विभागांनी एम.ए., एम.एस्सी.च्या प्रकल्पांसाठी असं एक टेम्प्लेट बनवावं असं मला मनापासून वाटतं. दोन आठवड्यांचं काम आहे, आणि त्याचा लाभ पुढच्या प्रत्येक तुकडीला मिळेल.

मराठीत काम करणाऱ्यांसमोर इथे एक वेगळी अडचण येते, तिच्यासाठी पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे. प्रोजेक्टचं नाव ‘पीक नोंद’ असं देवनागरीत लिहिलं तर अक्षरं लहान करायचा नियम तिथे निरर्थक ठरतो, कारण आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. मोकळ्या जागी अंडरस्कोर येतो आणि ‘पीक_नोंद’ असं पॅकेजचं नाव सुचवलं जातं. पायथन ३ ला हे नाव चालतं. २००८ पासून देवनागरी अक्षरं आणि मात्रा असलेली नावं ती भाषा स्वीकारते. पण तेच पॅकेज पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या सार्वजनिक पॅकेज-भांडारात, ठेवायला जाल तर रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हं यांशिवाय काही चालत नाही. म्हणजे टेम्प्लेट चाललं, प्रोजेक्ट चालला, आणि प्रकाशित करायच्या दिवशी अडला. उपाय सोपा आहे: दाखवायचं नाव आणि पॅकेजचं नाव हे दोन स्वतंत्र प्रश्न ठेवायचे, आणि दुसऱ्यावर आधीच्या हुकचा पहारा बसवायचा. कुकीकटरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत प्रश्नांचा मजकूर व्हेरिएबलच्या नावापासून वेगळा, आपल्या शब्दांत लिहिता येतो. त्यामुळे प्रश्न पूर्ण मराठीत विचारणारं टेम्प्लेट आज बनवता येतं. भाषेची मूळ किंमतही तपासायला हवी. जँगोच्या नव्या प्रोजेक्टमध्ये अमेरिकन इंग्रजी लिहिलेली असते; चौकटीच्या यादीत मराठी आहे, पण ती तुम्हाला निवडावी लागते. मराठी वापरकर्त्यांसाठी बनवलेल्या टेम्प्लेटने ही निवड आधीच करून ठेवायला काय हरकत आहे?

हल्ली एक शंका नेहमी येते, की यंत्राला चार वाक्यांत सांगितलं की तेच सगळा प्रोजेक्ट लिहून देतं, मग टेम्प्लेट हवंच कशाला. पहिल्या प्रोजेक्टपुरती ही शंका खरी आहे. पण तीच चार वाक्यं पुढच्या आठवड्यात दिली तर फोल्डरांची रचना वेगळी येऊ शकते, आणि दहा जणांनी दिली तर दहा रचना येतात. टेम्प्लेटला तीच उत्तरं दिली की तोच प्रोजेक्ट मिळतो. कुकीकटर तर मागची उत्तरं जपून ठेवतं आणि तीच पुन्हा वापरून प्रोजेक्ट नव्याने बनवू शकतं. ज्यांना एकमेकांच्या कोडमध्ये रोज ये-जा करायची आहे त्यांना ही खात्री लागते. टेम्प्लेटचा पहिला कच्चा खर्डा लिहायला यंत्राची मदत घ्यायला माझी ना नाही; त्यातले निर्णय मात्र बसून, बोलून, माणसांनी घ्यावेत.

पुस्तिकेचा क्रम थोडा नेहमीपेक्षा वेगळा आहे. पहिल्या दोन प्रकरणांत आपण टेम्प्लेट बनवत नाही, दुसऱ्यांची वाचतो: आधी ऑड्री रॉय ग्रीनफेल्ड यांचंच पायथन पॅकेजसाठीचं टेम्प्लेट, मग कुकीकटर जँगोचे हुक. त्यानंतर, चाललेल्या आणि निदान एकदा दुरुस्त झालेल्या प्रोजेक्टमधून टेम्प्लेट कसं काढायचं ते येतं. कोऱ्या पाटीवर, कल्पनेतून टेम्प्लेट लिहायला मी कुणालाही सुचवणार नाही. जे अजून एकदाही चाललेलं नाही त्याच्या प्रती काढून काय मिळणार? शेवटी पायटेस्ट-कुकीज वापरून टेम्प्लेटची चाचणी आहे: वेगवेगळी उत्तरं देऊन प्रोजेक्ट बनवायचा, त्याच्या आतल्या चाचण्या चालवायच्या, आणि टेम्प्लेटमध्ये कुणी काहीही बदललं की हे आपोआप घडेल अशी व्यवस्था लावायची.

वाचायला घेण्याआधी टर्मिनलवर फोल्डर बदलता येणं, फाइल उघडता येणं, आणि गिटमध्ये क्लोन व कमिट करता येणं एवढं पुरे. पायथन संगणकावर असायला हवं, पण हुकच्या प्रकरणापर्यंत ते लिहिता येण्याची गरज पडणार नाही. उदाहरणं करून बघताना प्रत्येक टेम्प्लेट आधी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये चालवा, बनलेल्या फाइली एकेक करून उघडा, आणि जी ओळ का आहे ते सांगता येणार नाही तिच्यापुढे खूण करून ठेवा. आठव्या प्रकरणात आपण त्या खुणांकडेच वळणार आहोत.